एक्स्पायर हा शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही

आपल्याकडे औषध एक्स्पायर होतं, रिचार्ज एक्स्पायर होतो आणि शेजारचे काका पण एक्स्पायर होतात. काकांचं शेवटी बघू.

साधा नियम असा की ज्याची मुदत आधीच ठरलेली असते आणि ती आली की जे आपोआप संपतं, ते एक्स्पायर होतं. कोणी मुद्दाम बंद केलं तर कॅन्सल किंवा टर्मिनेट, हप्ता न भरल्याने विमा बंद पडला तर लॅप्स, आणि दूध नासलं तर ते नुसतं नासलं, पिशवीवर उद्याची तारीख असली तरी. त्यामुळे 'आय एक्स्पायर्ड माय लायसन्स' असं काही नसतं, लायसन्स स्वतःच एक्स्पायर होतं. मेलमध्ये लिहायचं असेल तर 'माय पासपोर्ट एक्स्पायर्स इन मार्च' लिहा, विल लावला तरी चूक नाही पण तारीख ठरलेलीच आहे तर गरज पडत नाही. मुदत होऊन गेली असेल तर 'हॅज एक्स्पायर्ड'. 'इज एक्स्पायर्ड' पण चालतं, उगाच कोणी चूक काढली तर ऐकू नका. अमेरिकेतल्या फॉर्मवर एक्स्पायरीऐवजी एक्स्पिरेशन डेट असतं, अर्थ तोच. आणि हो, पासपोर्ट एक्स्पायर व्हायला वेळ आहे म्हणून निवांत राहू नका, बरेच देश सहा महिने तरी शिल्लक मागतात.

औषधांचं जरा नीट बघा कारण इथे खरंच गोंधळ होतो. पाकिटावर नुसता महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, १ तारखेला फेकायची गरज नाही. पण ही तारीख न उघडलेल्या औषधाची असते. डोळ्यात घालायचे ड्रॉप्स एकदा फोडले की बहुतेक चार आठवड्यांत टाकून द्यायचे असतात, मग बाटलीवर पुढच्या वर्षाची एक्स्पायरी का असेना. खाण्याच्या पाकिटावर दोन वेगळे शब्द येतात, बेस्ट बिफोर म्हणजे त्यानंतर चव, कुरकुरीतपणा कमी होईल, लगेच विष होणार नाही, आणि यूज बाय किंवा एक्स्पायरी म्हणजे त्यानंतर खाऊच नका. आपण दोन्हीला एक्स्पायरीच म्हणतो आणि मग घरात भांडणं होतात 😄

गॅस सिलिंडरवर बी-२७ वगैरे लिहिलेलं असतं त्यालाही लोक एक्स्पायरी म्हणतात, ते चुकीचं आहे. ती पुढच्या टेस्टिंगची मुदत असते, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून असं डी पर्यंत, पुढे वर्ष. मुदत उलटलेला सिलिंडर आला तर घ्यायचा नाही हे मात्र खरं.

ड्रायव्हिंग लायसन्सला आधी एक्स्पायरीनंतर ३० दिवस सूट होती, २०१९ च्या कायदादुरुस्तीत ती गेली, आता वर्षभराच्या आत रिन्यू करता येतं पण मधल्या काळात गाडी चालवायची नाही, आणि वर्ष उलटलं तर परत टेस्ट. शेअरवाले 'आज एक्स्पायरी आहे' म्हणतात तेव्हा फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांचा शेवटचा दिवस, बाकी काही नाही.

आता काका. एक्स्पायरचा मूळ अर्थ श्वास बाहेर सोडणे, शेवटचा श्वास सोडला म्हणून मरणाला पण तोच शब्द, आणि हॉस्पिटलात 'पेशंट एक्स्पायर्ड' लिहितातही. म्हणजे चूक नाही, पण फार कोरडं वाटतं, रिपोर्ट वाचल्यासारखं. परदेशातल्या ओळखीच्यांना कळवायचं तर 'पास्ड अवे' लिहा, आणि मराठीत बोलताना वारले, गेले हे शब्द असताना एक्स्पायर कशाला? फॅमिली ग्रुपवर तर अजिबात नको, खाली लगेच कोणीतरी थम्स अप टाकतो.