जुन्या घाटरस्त्यावर एका दिवसाची सफर : या चुका टाळा

नकाशावर ऐंशी किलोमीटर अंतर दिसले की ते दोन तासांत कापता येईल असा हिशोब मांडला जातो आणि दिवसाचे नियोजन तिथेच चुकते. जुने घाटरस्ते घोडागाडीच्या चालीने आखलेले असतात. इटलीतील स्टेल्वियो घाट ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने १८२० ते १८२५ या काळात कार्लो डोनेगानी या अभियंत्याकडून बांधून घेतला. जनावरांना झेपेल असा चढ ठेवायचा म्हणजे रस्ता डोंगरावर वळवत वळवत नेणे भाग होते, आणि म्हणूनच २,७५७ मीटर उंचीवरच्या खिंडीत पोहोचण्यासाठी आजही एका बाजूने ४८ अवघड वळणे घ्यावी लागतात. अशा ठिकाणी ताशी तीस किलोमीटरपेक्षा जास्त सरासरी गृहीत धरू नये आणि थांब्यांचा वेळ त्याव्यतिरिक्त ठेवावा.

दुसरी चूक म्हणजे रस्ता खुला आहे की नाही आणि आपली गाडी तिथे चालते की नाही, हे न तपासता निघणे. अमेरिकेतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून जाणारा, १९३३ मध्ये उद्घाटन झालेला ‘गोइंग टू द सन’ रस्ता बर्फ हटवून पूर्ण लांबीने खुला होईपर्यंत बहुधा जूनअखेर किंवा जुलै उजाडतो; शिवाय त्याच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसह ८ फुटांहून रुंद वाहनाला मनाई आहे. भाड्याची मोठी गाडी घेऊन तिथवर जाणाऱ्याला परत फिरण्यावाचून गत्यंतर नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र उतरताना होते. दीड टन वजनाची गाडी एक हजार मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे चार युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, आणि पाय सतत ब्रेकवर असेल तर तिची बरीचशी उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये साठते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरवर चढ चढला त्याच गिअरवर उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही चोख आहे. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) निवडावा. इंधन वाचते म्हणून न्यूट्रलवर उतरणे धोक्याचे तर आहेच, पण व्यर्थही आहे, कारण गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आधुनिक इंजिन इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच करते.

जळका वास आला किंवा पेडल नरम लागून नेहमीपेक्षा खाली जाऊ लागले, तर पुढच्या गावापर्यंत रेटू नये. खालच्या गिअरने वेग कमी करून सपाट, मोकळ्या जागी थांबावे आणि ब्रेक निवेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा तास, निघू नये. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतल्यास ती वाकू किंवा तडकू शकते. हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत; ऑटोमॅटिक असल्यास ‘पार्क’वर ठेवावी. पेडल नरम पडण्याचे कारण अनेकदा जुन्या ब्रेक ऑइलमध्ये असते. ते हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो आणि तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. सफरीपूर्वी ते बदललेले असणे टायरच्या हवेपेक्षाही महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे.

विजेवर चालणाऱ्या गाडीची अडचण उलटी असते. डोंगरमाथ्यावर मुक्काम करून शंभर टक्के चार्ज केलेल्या बॅटरीनिशी सकाळी उतरायला लागल्यास उतारावर वेग रोखताना विद्युत मोटार जी वीज परत तयार करते ती साठवायला जागाच उरत नाही आणि या मोटारीमुळे मिळणारा ब्रेक कमकुवत पडतो. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवावे.

अरुंद टप्प्यात समोरून चढणारे वाहन आले तर सहसा उतरणाऱ्याने थांबून वाट द्यावी. छायाचित्रासाठी वळणावर गाडी उभी करणे हा शुद्ध अविचार होय. त्यासाठी ठरलेल्या जागा सोडून कोठेही थांबू नये.

सोबत्यांपैकी कोणाला गाडी लागत असेल, तर त्याला पुढच्या आसनावर बसवावे, मोबाईल बाजूला ठेवायला लावून नजर दूरच्या रस्त्यावर ठेवायला सांगावे आणि गोळी द्यायची असल्यास ती वैद्यकीय सल्ल्याने, निघण्यापूर्वीच द्यावी. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.