समुद्राच्या तापमानावरून मोसमी पावसाचा अंदाज कसा बांधावा

पावसाचा अंदाज बांधताना समुद्राचे नुसते तापमान फारसे उपयोगी पडत नाही. ते त्या महिन्याच्या दीर्घकालीन सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे, हे पाहावे लागते. आरंभ प्रशांत महासागरातील निनो ३.४ या पट्ट्यापासून करावा. हा पट्टा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस ५ अंशांपर्यंत आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांदरम्यान येतो. समजा, तेथील मे महिन्याची सरासरी २७.८ अंश सेल्सिअस आहे आणि यंदा २८.६ अंशांची नोंद झाली, तर फरक अधिक ०.८ अंश निघतो. असा फरक अधिक ०.५ अंशाच्या वर काही महिने टिकला तर एल निनो, आणि उणे ०.५ च्या खाली टिकला तर ला निना समजावा. एका आठवड्याच्या आकड्यावर विसंबू नये. तीन महिन्यांची सरासरी काढावी.

एल निनोच्या काळात हवा मध्य व पूर्व प्रशांतावर वर चढते आणि भारताच्या बाजूला खाली उतरू लागते, त्यामुळे येथे ढगांची वाढ खुंटते. मात्र एवढ्यावर निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९९७ चा एल निनो अतितीव्र असूनही देशात सरासरीच्या सुमारे १०२ टक्के पाऊस झाला, तर २००२ च्या तुलनेने सौम्य एल निनोत तो ८१ टक्क्यांवर घसरला.

म्हणून पुढे हिंदी महासागर पाहावा. आफ्रिकेकडील पश्चिम भागातील फरकातून सुमात्राजवळील पूर्व भागातील फरक वजा करावा. वजाबाकीचे उत्तर अधिक ०.४ अंशाच्या वर राहिल्यास ही स्थिती सहसा पावसाला पोषक असते. १९९७ मध्ये ती तशी होती. पण २०१५ मध्येही ती अनुकूल असताना पाऊस ८६ टक्केच झाला, त्यामुळे तिला हमी मानू नये. प्रशांतातील ऊब नेमकी कोठे आहे, हेही नकाशावर पाहावे, कारण ती मध्य भागात एकवटल्यास भारताला अधिक मारक ठरते. माझ्या मते, याच पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

मार्च-एप्रिलमध्ये प्रशांताची पुढील चाल ओळखणे अवघड असते, म्हणून मेअखेरीस सर्व आकडेमोड पुन्हा करावी. भारतीय हवामान विभागही एप्रिलचा अंदाज त्या सुमारास सुधारतो. निष्कर्ष एका आकड्यात न देता शक्यतेच्या भाषेत मांडावा. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर असून तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस सर्वसाधारण गणला जातो. पेरणीची तारीख मात्र यावरून ठरवू नये: २०२३ मध्ये हंगामाचा पाऊस ९४ टक्के झाला, तरी त्यातला ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता.