चित्रातली बाहुली जपानी आहे का, कसं ओळखायचं?

भद्रकालीजवळ माझं फ्रेमचं दुकान आहे. जुने वाडे उतरवायला लागले तशा पोटमाळ्यावरच्या तसबिरी माझ्याकडे यायला लागल्या. देवादिकांच्या मध्येच एखादं विलायती चित्र निघतं: फ्रॉकातल्या मुली, भातुकलीचे कप आणि कोपऱ्यात किमोनोतली बाहुली. "काका, ही चिनी का जपानी?" हा प्रश्न ठरलेला.

आधी केस बघा. काळेभोर, सरळ, कपाळावर झालर आणि खाली एका रेषेत कापलेले असले तर ती बहुधा इचिमात्सु. हे नाव अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या काबुकी, म्हणजे जपानी पारंपरिक नाटकातल्या, नटावरून पडलं. खऱ्या बाहुलीचा चेहरा शिंपल्यांची पूड सरसात कालवून रंगवतात, म्हणून चित्रातही ती मुलींपेक्षा पांढरी दिसते. हातपाय नसलेली, गोल डोक्याची लाकडी बाहुली असेल तर ती कोकेशी, जपानच्या ईशान्येकडची. आपल्या ठकीची लांबची बहीणच म्हणा.

मग भिंग घेऊन छातीवर या. किमोनोची डावी बाजू (नेसणाऱ्याची डावी, आपली नव्हे) उजवीवर येते. उजवी वर फक्त प्रेताला नेसवताना. हे मी एका बाईंना आगाऊपणे सांगून बसलो. चित्र त्यांनी नेलंच नाही, अजून दुकानात आहे! वास्तविक आधी मुलींचे हात बघायला हवे होते. सगळ्याच जणी डाव्या हाताने कप धरत असतील तर अख्खं चित्रच उलटं उमटलंय. शिळाछापात दगडावरचं चित्र कागदावर उलटं येतं, चित्रकार ते विसरला असेल. हात बरोबर आणि किमोनो चूक असेल तर मी समजतो, बुवाने बाहुली समोर ठेवून काढलेली नाही.

काळाचा अंदाज भिंगातूनच लागतो. हाताने टाकल्यासारखे वेडेवाकडे ठिपके म्हणजे रंगीत शिळाछाप; ओळीने बसलेले ठिपके म्हणजे नंतरची यांत्रिक छपाई. जपानने १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात भाग घेतला आणि तिकडे जपानी वस्तूंचं वेड वाढत गेलं. त्यामुळे कोणी असलं चित्र "दोनशे वर्षांचं" म्हणून विकायला आलं तर चहा पाजा, पैसे देऊ नका. बाहुली जवळजवळ मुलीएवढी असेल तर ती खेळण्यातली नसेल. १९२७ मध्ये अमेरिकेने पाठवलेल्या बारा हजारांवर बाहुल्यांच्या बदल्यात जपानने ५८ बाहुल्या पाठवल्या, त्या सुमारे ८१ सेंटिमीटर उंच होत्या.

ओलं फडकं लावू नका, चिकटपट्टी तर मुळीच नको. काच आणि कागद यांच्यात माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाला, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. आणि मागच्या पुठ्ठ्याखाली जुना पेपर निघाला तर रद्दीत घालू नका. त्यावरची तारीख चित्राची नसते, पण तो पुठ्ठा त्याआधी लावलेला नाही एवढं तरी कळतं.