एका पगारावर कर्ज फेडताना हुरूप का मोडतो? या चुका टाळा

आमच्याकडं महिन्याच्या सात तारखेला पगार व्हायचा आणि आठ तारखेला सकाळीच हप्ता कटल्याचा मेसेज यायचा. हे चहा पिता पिता तो मेसेज बघायचे आणि मोबाइल पालथा घालून ठेवायचे. वर्षभर मी ते बघितलं. एकदा विचारलं तर म्हणाले, "कामून सांगू तुला? माझ्या एकट्याच्या डोक्याला ताप आहे तेवढा पुरे."

लातूरला एका दालमिलमध्ये यांना २४ हजार पगार. घरात सासूबाई, दोन लेकरं आणि मी. कमावणारे हे एकटेच. सासऱ्यांचं आजारपण आणि नणंदेचं लग्न एकाच वर्षात आलं, त्यात कर्ज झालं. आज त्यातलं बरंचसं फिटलंय. मला या काळात एवढं कळलं की माणूस आळशी असतो म्हणून मध्येच हात टेकत नाही. भरलेला पैसा कुठं मुरतोय ते त्याला दिसत नाही आणि सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या मानेवर असतं. खालच्या बहुतेक चुका या दोन गोष्टींतून होतात. आमच्याकडून त्यातल्या जवळजवळ सगळ्या झाल्या.

सगळं कर्ज एका कागदावर न मांडणं

कर्ज किती, असं विचारलं की हे फक्त बँकेचा आकडा सांगायचे. बाकीचं त्यांच्या हिशेबात "किरकोळ" होतं. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी मोठ्या लेकीची जुनी वही घेतली आणि मागच्या कोऱ्या पानांवर एकेक नाव लिहायला लावलं. बँकेच्या कर्जाचे २ लाख ५७ हजार, क्रेडिट कार्डाचे ३८ हजार, सावकाराचे ५० हजार, माझ्या भावाचे २० हजार. किराणा दुकानातली उधारी ८,६०० निघाली, ती तर मलाही माहीत नव्हती. बेरीज ३ लाख ७३ हजार ६००.

हे बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायलं होतं पाच-सहा लाख असंल."

तुमच्याकडं कदाचित उलटं होईल, आकडा भीतीपेक्षा मोठा निघेल. तरी मांडा. प्रत्येक नावापुढं चार गोष्टी लिहा: बाकी मुद्दल, वर्षाचं व्याज, महिन्याला किती जातात आणि शेवटचा हप्ता कधी. सावकार "शेकडा तीन" म्हणतो ते महिन्याचं असतं. वहीत ते वर्षाला ३६ टक्के असंच लिहायचं, म्हणजे बँकेच्या १६ टक्क्यांशेजारी ते कसं दिसतं ते कळतं. आणि ही वही नवरा-बायकोनं मिळूनच लिहा. घरच्यांना ताण नको म्हणून लपवणारा माणूस प्रेमापोटीच लपवतो, पण त्यामुळं घर पूर्वीसारखंच खर्च करत राहतं आणि तो आतल्या आत चिडत राहतो.

हप्ता बघायचा, मुद्दल बघायची नाही

माझ्या मते हुरूप मोडतो तो इथंच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं बँकेचं कर्ज मुळात ३ लाखांचं, १६ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता ७,२९५ रुपये. पहिल्या हप्त्यातले ४,००० रुपये व्याजात गेले, मुद्दल उतरली फक्त ३,२९५. पहिल्या वर्षात आम्ही ८७,५४० रुपये भरले आणि मुद्दल कमी झाली साधारण साडेबेचाळीस हजारांनी. शाखेत जाऊन कर्जखात्याचा उतारा काढला तेव्हा हे म्हणाले, "निम्मे पैसे वाऱ्यावर गेले." त्या दिवशी ते इतके खचले की मला वाटलं उतारा काढलाच नसता तर बरं झालं असतं.

पण त्याच उताऱ्यात पुढचे रकाने होते. व्याज उरलेल्या मुद्दलीवर लागतं, त्यामुळं मुद्दल उतरेल तसं दर महिन्याला व्याज थोडं कमी आणि मुद्दल थोडी जास्त जाते. हप्ता तोच राहतो, पण आतली वाटणी बदलत जाते. पहिली दोन वर्षं सगळ्यात जड वाटतात त्याचं कारण हेच आहे, आणि नेमक्या त्याच काळात माणसं हाय खातात. म्हणून बँकेतून परतफेडीचा तक्ता मागून घ्या. त्यातला मुद्दलीचा रकाना बघा आणि दर महिन्याला तोच आकडा वहीत उतरवा.

क्रेडिट कार्डाचं गणित याहून वाईट आहे. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ३८ हजारांवर ते १,५६९ रुपये होतात. आम्ही "किमान रक्कम" म्हणून १,९०० भरत होतो आणि समाधानात होतो. उतरत होते जेमतेम ३३० रुपये.

सगळीकडं थोडं थोडं भरणं

हातात चार पैसे जास्तीचे आले की हे भावाला पाचशे, सावकाराला पाचशे, कार्डावर पाचशे असे वाटून टाकायचे. कुणी नाराज होऊ नये ही भावना. त्यात एकही खातं बंद होत नाही.

आधी कोणतं फेडायचं यावर दोन मतं आहेत. कुणी म्हणतं सगळ्यात महागडं आधी, कुणी म्हणतं सगळ्यात छोटं आधी, म्हणजे एक नाव खोडल्याचा आनंद मिळतो. आम्ही दोन्ही केलं. दिवाळीच्या बोनसमधून किराणा उधारी एका दमात संपवली, कारण त्या दुकानासमोरून जाताना सासूबाई पदर पुढं ओढायच्या. त्यानंतर मात्र महागड्याच कर्जाला हात घाला. सावकाराला आम्ही वर्षाला १८ हजार व्याज देत होतो आणि ५० हजार तसेच उभे होते. मी माझं गंठण बँकेत तारण ठेवलं, वर्षाला दहाच्या आसपास टक्क्यांनी, आणि सावकाराचे पैसे एकरकमी दिले. वर्षाचं व्याज १८ हजारांवरून पाच हजारांवर आलं. वाचलेले पैसे महिन्याच्या महिन्याला कार्डावर.

सोनं मोडू नका, तारण ठेवा, असं मी म्हणेन, पण एका अटीवर. जुनं महाग कर्ज त्याच दिवशी संपलं पाहिजे. नाहीतर दोन्ही उभी राहतात आणि मुदत चुकली तर दागिना लिलावात जातो.

सावकाराकडून कोरा चेक, सही केलेला स्टॅम्प पेपर परत घेतल्याशिवाय उठू नका. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली सावकाराला परवाना लागतो आणि व्याजाला मर्यादा आहे: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के. त्याहून जास्त मागणाऱ्याविरुद्ध किंवा बिनपरवाना सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडं किंवा जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करता येते. आपल्याकडं हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

ठरलेला खर्च "अचानक आला" म्हणणं

पहिल्या वर्षी आम्ही सगळंच आवळलं. दिवाळीला लेकरांना कपडे नाहीत, महालक्ष्म्या कशाबशा बसवल्या आणि येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात गेलोच नाही. लातूर-धाराशिवकडं येळवस म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि त्या दिवशी गावभर शुकशुकाट. आमची लेकरं दारात बसून टेम्पो भरून जाणारी माणसं बघत होती. धाकट्यानं विचारलं, "आपलं शेत विकलं का?"

तो प्रश्न यांच्या जिव्हारी लागला. पुढं वैशाखात साडूच्या घरच्या लग्नात यांनी कार्डावर नऊ हजारांचा आहेर केला, फक्त हात आखडलेला दिसू नये म्हणून. पाच महिने काटकसर करून वाचवलेलं एका दुपारी गेलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही बसून वर्षाचे खर्च लिहिले. जूनमध्ये शाळेचे ९ हजार, महालक्ष्म्यांचे अडीच, दिवाळीचे ६, येळवसचे २, लग्नसराईतल्या आहेराचे साडेचार. एकूण २४ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार. ते पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकतो. कर्ज थोडं उशिरा फिटेल, पण घर मध्येच उसवणार नाही.

हाताशी काहीच न ठेवणं

सगळे पैसे कर्जात घातले आणि लेकराला ताप आला तर पुन्हा हात पसरावा लागतो. निदान पाच-दहा हजार बाजूला हवेत, कर्ज असतानासुद्धा. मोबाइलवर दोन मिनिटांत पैसे देणारी अ‍ॅप याच वेळी गाठतात. त्यांच्या नादी लागू नका, आणि जुनं फेडायला "टॉप-अप", म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, देतो म्हणणाऱ्यालाही आधी नवी मुदत किती ते विचारा.

कर्जमाफीची वाट बघणं

मराठवाड्यात ही आशा प्रत्येक घरात असते. २०१७ ला दीड लाखांपर्यंत आणि २०१९ ला दोन लाखांपर्यंत माफी झाली, ती शेतीच्या कर्जाला. दवाखान्यासाठी, लग्नासाठी घेतलेलं वैयक्तिक कर्ज आणि कार्डाची बाकी त्यात बसत नाही. निवडणूक जवळ आली की हप्ता थांबवणारी माणसं मी बघितलीत. त्यांचं व्याज आणि दंड तेवढा वाढला.

हप्ता चुकला की फोन बंद करणं

मिल महिनाभर बंद होती तेव्हा आमचा एक हप्ता परत गेला. दंड लागला तो लागलाच, त्यात दहा दिवस हे कुणाचाच फोन घेईनात. शेवटी मीच त्यांना घेऊन शाखेत गेले. हप्ता चुकणार हे कळलं की तारखेच्या आधीच लेखी अर्ज घेऊन जावं. तारीख बदलून, मुदत वाढवून मिळते का ते विचारावं, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्रास झाला तर आधी बँकेकडं लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. "कमी पैशात मिटवून टाका" असं कुणी म्हणालं तर घाई करू नका. तशा खात्यावर सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" असा शेरा बसतो आणि पुढं कर्ज मागताना तो आडवा येतो. पूर्ण भरणं शक्य असेल तर पूर्णच भरा.

शेवटचा हप्ता भरला आणि तसंच घरी आलो

खातं बंद झालं की बेबाकीचा, म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला घ्या, तारण ठेवलेले कागद आणि चेक परत घ्या आणि दोनेक महिन्यांनी सिबिलचा अहवाल बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. एका खात्याचा सुटलेला हप्ता पुढच्याच महिन्यापासून दुसऱ्या खात्यावर वळवा, पगारात मिसळू देऊ नका. मुदतीआधी जास्तीचं भरायला शुल्क आहे का, ते मात्र करारात बघून घ्या.

गंठण मागच्या पाडव्याला घरी आलं. सावकार, किराणा, भाऊ आणि कार्ड, वहीतली चार नावं खोडली गेलीत. आठ तारखेचा मेसेज आता मोठी लेक मोठ्यानं वाचते, मग तक्ता बघून वहीत मुद्दल लिहिते आणि हे चहाचा कप खाली ठेवून तिच्या खांद्यावरून बघतात. या महिन्यात तिनं १ लाख १८ हजार लिहिलेत.