बॅटरी कशाने संपते, ते आधी तपासावे

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे गेला की फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते आणि अनेकजण घाईने नवीन बॅटरी बसवून घेतात; परंतु त्याआधी सेटिंग्जमधील ‘बॅटरी’ विभागात जाऊन कोणत्या अ‍ॅपने किती टक्के वापर केला, हे अवश्य पाहावे. तेथे केवळ टक्केवारीवर थांबू नये. अ‍ॅपच्या नावावर टिचकी मारली असता ते पडद्यावर किती वेळ होते आणि पडद्यावर नसताना, म्हणजे पार्श्वभूमीत, किती वेळ चालले, हे बहुतेक फोनमध्ये स्वतंत्रपणे दिसते. आपण दोन तास व्हिडिओ पाहिला असेल, तर त्या अ‍ॅपचा मोठा वाटा स्वाभाविकच आहे; मात्र जे खरेदीचे अ‍ॅप आपण दिवसभरात जेमतेम पाच मिनिटे उघडले, तेच पार्श्वभूमीत तासन्‌तास चालत असेल, तर त्याचा पार्श्वभूमीतील वापर तेथूनच बंद करावा. संदेशांच्या आणि बँकेच्या अ‍ॅपवर असे निर्बंध घालू नयेत, कारण सूचना उशिरा येतात.

अँड्रॉइड १२ आणि त्यापुढील फोनमध्ये ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ असतो. गेल्या २४ तासांत लोकेशन, कॅमेरा व मायक्रोफोन कोणत्या अ‍ॅपने वापरला, हे त्यात कळते; बॅटरी संपवणारे अ‍ॅप शोधताना तेही पाहावे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत नेटवर्क क्षीण झाल्यास फोन सिग्नल शोधण्यात अधिक ऊर्जा खर्च करतो, त्यामुळे अशा दिवसाच्या आकड्यांवरून अ‍ॅपला दोष देऊ नये.