आढीचा वास आणि इलेक्ट्रॉनिक नाक : चैत्र-वैशाखात आंबा बागायतदारांनी काय करावं

पाडवा झाला, आगाप मोहोराचा आंबा उतरायला लागला, मांगरात, म्हणजे बागेतल्या कोठारात, आंबा पिकवायच्या आढीसाठी पेंढा पसरला गेला. आता मेअखेरीपर्यंत बागायतदाराचं निम्मं लक्ष झाडावर आणि निम्मं आढीवर. या दिवसांत वासावरून फळाची अवस्था ओळखणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाकाबद्दल, मला बरेच जण विचारतात. घ्यावं का? त्यातून कळतं काय? साका, म्हणजे बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या फळातला गराचा बिघाड, सापडतो का? गेले दोन हंगाम मी माझ्याच आढीवर असे सेन्सर लावून पाहिले. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. हे नाक राखणीला ठेवा, निवाड्याला बसवू नका. आढीत बिघाड सुरू झाल्याची वर्दी ते वेळेवर देतं. कुठला आंबा पेटीत भरायचा, हे मात्र अजून तुमच्या हातानं, डोळ्यानं आणि नाकानंच ठरवायचं आहे.

हे नाक चालतं कसं

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा सेन्सर टिन ऑक्साइडचा असतो. आत एक बारीक तापक असतो, तो हा थर दोन-तीनशे अंशांपर्यंत गरम ठेवतो. हवेतला ऑक्सिजन या थरावर बसून त्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. अल्कोहोलसारखी वाफ आली की ती त्या ऑक्सिजनशी जुळते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि थराचा विद्युत रोध उतरतो, तसा यंत्रावरचा आकडा चढतो. यंत्राला ‘वास आला’ म्हणजे एवढंच.

अडचण अशी की एकच सेन्सर पन्नास वाफांना ओ देतो. म्हणून खऱ्या इलेक्ट्रॉनिक नाकात वेगवेगळ्या स्वभावाचे पाच-सहा किंवा जास्त सेन्सर एकत्र बसवतात आणि सगळ्यांचे आकडे मिळून जो नमुना तयार होतो, तो आधी शिकवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतात. भजनात पखवाज, टाळ आणि पेटी एकदम कानावर आली की बारी कुठल्या बुवांची हे दारातच कळतं, तसंच हे. पण ती बारी आधी ऐकलेली असावी लागते. १९८२ साली इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा परसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी ही कल्पना पहिल्यांदा मांडली. आपल्याकडे कोलकात्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेनं चहाची पानं आंबवताना नेमकं कुठे थांबायचं हे ओळखण्यासाठी असं नाक तयार केलं. चहाला शिकवलेलं नाक हापूसला चालणार नाही, आणि कुणाच्या प्रयोगशाळेतल्या हापूसला शिकवलेलं नाक तुमच्या कातळावरच्या हापूसला जसंच्या तसं चालेल याचीही खात्री नाही. यंत्र विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा : हे कुठल्या फळावर, कुठल्या बागेत, किती फळं कापून शिकवलं?

आढीत नेमकं काय हुंगायचं

एक गैरसमज आधी काढून टाकू. आंबा पिकवणारा वायू म्हणजे इथिलीन, पण आपल्याला आढीत येतो तो वास इथिलीनचा नव्हे. फळ पिकायला लागतं तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत इथिलीनचा एखादा भागही पुरतो, आणि तेवढा माणसाच्या नाकाला कळत नाही. आपल्याला येतो तो फळातल्या सुगंधी द्रव्यांचा वास. कच्च्या हापूसचा हिरवट, चिकाचा वास टर्पीन गटातल्या द्रव्यांचा. पिकताना त्यात लॅक्टोन नावाची गोडसर द्रव्यं वाढत जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या या सुगंधावर बरंच काम झालं आहे. हा गोड बदल नीट टिपायला महागडी उपकरणं लागतात, शे-दोनशे रुपयांच्या सेन्सरला तो धड जमत नाही.

पण बिघाडाचा वास वेगळा. आढी जास्त कोंडली, पेंढा ओला राहिला किंवा देठाकडून कूज लागली की फळातून अल्कोहोल आणि त्याच्या जातीची आंबूस द्रव्यं सुटायला लागतात. टिन ऑक्साइडचा सेन्सर अल्कोहोलला फार तिखट प्रतिसाद देतो. म्हणून आपल्या कामाचा खरा उपयोग इथं आहे.

गेल्या वैशाखातली गोष्ट. मांगरात तीन आढ्या होत्या. सकाळी सात वाजता मधल्या आढीवरचा आकडा आदल्या दिवसाच्या दीडपट. वरून सगळं ठीक दिसत होतं, पेंढा सुका, वरच्या थरातली फळं कडक. आमच्याकडे तीस वर्षं आढी लावणाऱ्या काकी आल्या. मी त्यांना आकड्याचं काही सांगितलं नाही. त्या आढीच्या कडेनं वाकून हळूहळू चालत गेल्या, भिंतीच्या कोपऱ्याशी थांबल्या, पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाल्या, “भाऊ, हयसर एक आंबो कुसको आसा.” तिसऱ्या थरात देठाभोवती काळा पडलेला, दाबला की पाणी सुटणारा आंबा निघाला आणि त्याला टेकलेले आणखी चार. सेन्सरनं सांगितलं होतं की या आढीत काहीतरी आहे. कुठे आहे, ते काकींनी सांगितलं. दोघांची कामं अशी वाटून घेतली तर नुकसान वाचतं.

यंत्र लावताना

नवा सेन्सर आणल्या आणल्या वापरू नका. एक-दोन दिवस सलग चालू ठेवून तापवा, तोवर येणारे आकडे लिहूच नका. पुढेही रोज मोजण्याआधी अर्धा-पाऊण तास आधी चालू करा.

पेंढ्यात सेन्सर खुपसू नका. आत तापक आहे, शिवाय वायर आणि अडॅप्टर आहेत, आणि मांगरात सुका पेंढा आहे. एक शॉर्टसर्किट झालं तर हंगामच जाईल. सेन्सर आढीपासून लांब, भिंतीवर पत्र्याच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बसवा आणि मत्स्यटाकीच्या छोट्या पंपानं बारीक नळीतून आढीतली हवा त्या डब्यात ओढून आणा. नळीचं टोक आढीच्या मधल्या थरात, तोंडाला मलमलीची चिंधी बांधून. गावात कुणी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकत असेल तर त्याला हाताशी घ्या, एका दिवसाचं काम आहे.

आता कोकणातली मुख्य अडचण : दमट हवा. पाण्याच्या वाफेनंही या सेन्सरचा आकडा हलतो. दुपारी खारा वारा सुटला की आकडा बदलतो, आणि मेमध्ये वळवाचं आभाळ भरून आलं की पार बदलतो. त्यामुळे नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. शेजारी तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर हवाच. रोज ठरलेल्या एकाच वेळी मोजा. आधी खळ्यातल्या मोकळ्या हवेचा आकडा घ्या, तो १०० धरा आणि आढीचा आकडा त्याच्या हिशेबात लिहा. आजचा खळ्यातला आकडा आणि आजचाच आढीतला आकडा, एवढीच तुलना खरी. कालच्या खळ्याशी आजची आढी ताडू नका.

सेन्सर हळूहळू म्हातारा होतो, त्याची चाल बदलते. आठवड्यातून एकदा तपासणी ठेवा : एक लिटर पाण्यात झाकणभर सर्जिकल स्पिरिट, त्यातलं एक चमचा पाणी ठरलेल्या डब्यात, पाच मिनिटं झाकून मग आकडा. दर आठवड्याला तो साधारण सारखाच यायला हवा. उतरत चालला असेल तर सेन्सर बदला.

सेन्सरला फसवणाऱ्या गोष्टी मांगरात भरपूर असतात. मच्छर अगरबत्ती, चुलीचा धूर, फिनेल, ताजा रंग, पंपाचं डिझेल, हाताला लावलेलं सॅनिटायझर. माझ्याकडे एका रात्री आकडा चढला म्हणून आम्ही अख्खी आढी उलगडली आणि काहीच निघालं नाही. राखणीच्या माणसानं नळीजवळ मच्छर अगरबत्ती लावली होती. हाताळलेला आंबा उगाच पुन्हा हाताळला गेला. तेव्हापासून आढी उलगडण्याआधी खोलीत काय जळतंय, काय सांडलंय हे आधी बघायचं असा आमचा नियम आहे. आणखी एक : खिडक्यांच्या फटी बुजवायला वापरतात त्या सिलिकॉनच्या वाफेनं टिन ऑक्साइडचा सेन्सर कायमचा बधिर होतो. ते काम काढायचं असेल तर हंगामानंतर काढा.

वही ठेवा

माझा यंत्रापेक्षा जास्त जीव आहे तो वहीत. पहिल्या तोडणीची, एकाच झाडाची, साधारण सारख्या वजनाची बारा फळं वेगळी काढा. देठाला दोऱ्यानं क्रमांक बांधा. रोज सकाळी प्रत्येक फळ सारख्याच मापाच्या स्टीलच्या डब्यात अर्धा तास झाकून ठेवा. मग झाकण किंचित सरकवून आधी स्वतः हुंगा आणि आपल्या शब्दांत लिहा : हिरवट, चिकाचा, कैरीचा, गोडसर, भरलेला, आंबूस, कुबट. नंतर सेन्सरचा आकडा लिहा. हा क्रम उलटा करू नका, आकडा आधी पाहिला की नाक त्याच्यामागे जातं. घरातल्या दोघातिघांनी स्वतंत्र लिहिलं तर आणखी चांगलं, कुणाचं नाक कशात तरबेज आहे ते आठवड्याभरात दिसतं. सर्दी झालेल्यानं त्या दिवशी लिहू नये. दर दोन दिवसांनी दोन फळं कापून आतला रंग, चव, साका, देठाची कूज नोंदवा. हवा कशी होती, पाऊस शिंपडला का, हेही लिहा. अशी वही दोन-तीन हंगामांची झाली की मग कुणी यंत्र घेऊन आला तर त्याला शिकवायला तुमच्याकडे काहीतरी असेल. नाहीतर तो दुसऱ्याच्या आंब्यावर शिकलेलं तुमच्या गळ्यात मारेल.

साक्याबद्दल

अख्ख्या फळावरून वासानं साका ओळखतो असं सांगून माझ्याकडे एक विक्रेता आला होता. मी त्याच्यासमोर वीस फळं ठेवली, त्याच्या यंत्राचा निकाल प्रत्येक फळावर चिठ्ठीनं चिकटवला आणि मग सगळी कापली. चिठ्ठ्या आणि फळं जुळली नाहीत. साक्याचं फळ बाहेरून निर्मळ दिसतं, आंबूस वास कापल्यावर येतो. तुम्हीही पैसे देण्याआधी हीच परीक्षा घ्या, आणि फळं तुमची असू द्या, त्याची नव्हे.

साका कमी करायचा तर हात झाडावरच मारायला हवा. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे की फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजण्याच्या तयारीला लागते आणि गराचा बिघाड त्याच्याशी जोडलेला आहे. म्हणून फळ झाडावर पूर्ण पिकू देऊ नका, साधारण ८५ टक्के तयार झालं की उतरवा. कातळावरच्या बागांत तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते, तिथे झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, जाळू नका. नवी लागवड करणाऱ्यांनी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘रत्ना’ या नीलम-हापूस संकराचा विचार जरूर करावा, त्यात साका येत नाही.

तोडणी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, झेल्यानं (जाळी लावलेल्या काठीनं), देठ राखून. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि कूजही तिथूनच शिरते. देठकूज आणि करप्यासाठी ५२ अंशांच्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून, पुसून, सावलीत कोरडी करून मगच फळं आढीत घाला. ओलं फळ आढीत गेलं तर दुनियेतलं कुठलंही नाक तुमची आढी वाचवणार नाही.

कार्बाइड आणि इथिलीन

कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे. त्यातून सुटणाऱ्या ॲसिटिलीनबरोबर फॉस्फीन आणि आर्सेनिकचे विषारी अंश येऊ शकतात. त्याच्या पुडीला लसणासारखा वास येतो. आपल्या मालात व्यापाऱ्याकडे किंवा गोदामात असा वास आला तर गप्प बसू नका, असा माल आपल्या हापूसच्या नावावर विकला जातो. इथिलीन वायूला परवानगी आहे, मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग. रायपनिंग चेंबर, म्हणजे इथिलीन सोडून फळं पिकवायची बंद खोली, वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं : इथिलीन पेट घेतो. हवेत त्याचं प्रमाण पावणेतीन टक्क्यांच्या आसपास गेलं तर ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. चेंबरमध्ये घरगुती जोडणीचा तापकवाला सेन्सर कधीही ठेवू नका, तिथे त्या कामासाठीच बनवलेला सेन्सर हवा.

फळमाशीचे सापळे या दिवसांत बागेत असतीलच. त्यातल्या मिथाईल युजेनॉलचा वास नर माशीला लांबून ओढतो. सापळ्यांच्या वड्या आणि बाटल्या आढीच्या खोलीत साठवू नका, सेन्सर दिवसभर तोच वास मोजत बसेल. गळलेली फळं रोज उचलून खोल पुरा.

काजू बी आणि खोबऱ्यालाही हाच मार्ग थोडाफार लागू आहे. बी उन्हात नीट वाळवून, ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास आणूनच पोत्यात भरा. कुबट वास यायला लागला म्हणजे बुरशी आधीच बसलेली असते, तेव्हा तिथे वासाच्या सेन्सरपेक्षा ओलावा मोजणारा मीटर आधी घ्या.

मिरगाच्या आधी सेन्सर आणि पंप काढून ठेवा. खाऱ्या दमट हवेत पिना हिरव्या पडतात. कोरड्या कापडानं पुसून, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यावर वर्ष लिहा. वही त्याच डब्यात ठेवा.