किनाऱ्यावरच्या न्यायालयांत दारूगोळ्याचे वर्गीकरण : नव्या वकिलांसाठी काही अनुभव

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत फौजदारी वकिली सुरू करणाऱ्याच्या हाती शस्त्र अधिनियम, १९५९ खालचे पहिले प्रकरण बहुधा शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचे किंवा रानडुकराच्या शिकारीतल्या काडतुसांचे येते. तेथे वर्गीकरणाचा प्रश्न फारसा पडत नाही. परवाना आहे की नाही आणि तो चालू आहे की नाही, एवढेच पाहायचे असते. मात्र हा प्रदेश समुद्रकाठचा आहे, त्यामुळे संकटसंकेताचा अग्निबाण, दोरफेकीच्या यंत्रातला (दूरच्या जहाजापर्यंत दोर पोहोचवणाऱ्या साधनातला) अग्निबाण किंवा अश्रुधुराचे नळकांडे अशा वस्तूही मुद्देमालात येऊ शकतात. या वस्तू बंदुकीच्या गोळ्या नव्हेत, पण कशातून तरी सोडल्या जातात. कायदा त्यांना काय म्हणतो यावर पुढचा सगळा खटला उभा राहतो, म्हणून नव्या मंडळींसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली सवय लावून घ्यावी ती या अधिनियमाचे व्याख्यांचे कलम २ मूळ शब्दांत वाचण्याची. अलीकडे कनिष्ठ वकील इंटरनेटवर अमेरिकेतील नियम वाचून येतात. तेथे ३७ मिलिमीटर व्यासाची संकेतबंदूक एरवी 'विध्वंसक साधने' या कडक नियंत्रणाच्या वर्गात मोडत नाही. मात्र तिच्यासोबत रबरी गोळ्यांची किंवा लाकडी तुकड्यांची काडतुसे बाळगली, तर १९९५ च्या तेथील निर्णयानुसार ती त्या वर्गात जाते. सोबतच्या दारूगोळ्यामुळे यंत्राचा वर्ग बदलण्याची ही पद्धत आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडे दारूगोळ्याची व्याख्या स्वतंत्र आहे. तिच्यात अग्निशस्त्रांसाठीचा दारूगोळा तर येतोच, शिवाय रॉकेट, बाँब, हातगोळे, तोफगोळे आणि स्फोटक किंवा अपायकारक वायू असलेल्या इतर वस्तूही येतात, मग त्या अग्निशस्त्राबरोबर वापरायच्या असोत वा नसोत. 'लाँचर जप्तच झालेला नाही, मग हा दारूगोळा कसा?' हा युक्तिवाद ऐकायला आकर्षक असला, तरी या शेवटच्या शब्दांपुढे तो टिकत नाही.

त्यानंतर पाहावे ती प्रतिबंधित दारूगोळ्याची व्याख्या. या वर्गात वस्तू दोन वाटांनी जाते. एक वाट आतल्या द्रव्याची : अपायकारक द्रव किंवा वायू असेल, तर वस्तू प्रतिबंधित; अश्रुधुराचे ३८ मिलिमीटरचे नळकांडे याच वाटेने तेथे पोहोचते. दुसरी वाट नावाची : हातगोळे, बाँब आणि रॉकेट यांचा व्याख्येत नावानेच उल्लेख आहे, त्यामुळे रायफलीच्या नळीखाली बसवायच्या लाँचरमधून सुटणारा ४० मिलिमीटरचा गोळा आत काय भरले आहे हे पाहण्याआधीच या वर्गात जातो.

खरी अडचण याच दुसऱ्या वाटेवर येते. जहाजावरचा पॅराशूट-अग्निबाण आंतरराष्ट्रीय मानकांनुसार किमान ३०० मीटर उंच जाऊन किमान ४० सेकंद लाल प्रकाश देणारा असावा लागतो. जीव वाचवण्यापलीकडे त्याचा हेतू नाही. तरीही तो रॉकेटच आहे. आता 'शस्त्रे' या शब्दाची व्याख्या शेजारी ठेवून वाचा. तेथे आक्रमणासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वस्तू अशी हेतूची अट आहे, आणि अग्निशस्त्र हाही शस्त्रांचाच प्रकार असल्यामुळे दोर फेकणारे यंत्र शस्त्र नव्हे असे ठामपणे मांडता येते. दारूगोळ्याच्या व्याख्येत मात्र अशी अट नाही. म्हणजे यंत्र कायद्यातून सुटते आणि त्यातला अग्निबाण दारूगोळा म्हणून अडकतो, अशी विचित्र स्थिती निर्माण होते. बचाव पक्षाने येथे सहचारी शब्दांच्या अर्थाचा नियम मांडावा : बाँब आणि हातगोळे यांच्या पंक्तीत बसलेले रॉकेट म्हणजे मारक रॉकेट, संकेताचे नव्हे. हा युक्तिवाद मला मनापासून योग्य वाटतो. शब्दशः अर्थ घेतला, तर दिवाळीतले रॉकेटही प्रतिबंधित ठरेल.

दुसरा आधार कलम ४५ चा. समुद्रगामी जहाजावर असलेली आणि त्याच्या नेहमीच्या शस्त्रसज्जतेचा किंवा साधनसामग्रीचा भाग असलेली शस्त्रे व दारूगोळा यांना हा अधिनियम लागू होत नाही. या सवलतीत दोन अटी आहेत, आणि दोन्ही पुराव्याने सिद्ध कराव्या लागतात. मुदत संपलेले अग्निबाण हर्णै किंवा मिरकरवाडा येथे उतरवून कोणी घरी ठेवले, तर 'जहाजावर' ही अट उरत नाही. शिवाय स्फोटके अधिनियम, १८८४ आणि त्याखालील २००८ चे नियम वेगळे उभे राहतात. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ वाहत आलेल्या 'लेडी हान' या नौकेवर तीन एके-४७ रायफली सापडल्या, तेव्हा सारा किनारा हादरला होता. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांची स्फोटके आपल्या किनाऱ्यावर उतरल्याची आठवण असलेल्या रायगडात ते स्वाभाविकच होते. कायद्याच्या अभ्यासकाने मात्र अशा प्रसंगी शांतपणे विचारायचा प्रश्न हाच आहे की, ही नौकेची नेहमीची सामग्री होती काय.

वर्गीकरणाचा परिणाम किती मोठा आहे, हे शिक्षेवरून कळते. साधा दारूगोळा विनापरवाना बाळगल्यास कलम ३ चा भंग होतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन ते पाच वर्षे आहे. प्रतिबंधित दारूगोळ्यासाठी कलम ७ लागते आणि शिक्षा सात ते चौदा वर्षांवर जाते. पहिला खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, दुसरा सत्र न्यायालयात जातो. कलम ३९ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते तीही केवळ कलम ३ च्या गुन्ह्याला. म्हणून दोषारोपपत्र हाती येताच मंजुरीचा आदेश शोधावा, आणि त्यात वस्तूचे वर्णन काय केले आहे ते पंचनाम्याशी ताडून पाहावे.

पंचनाम्यात पुष्कळदा नुसते 'रॉकेटसदृश वस्तू' असे लिहिलेले असते. प्रयोगशाळेच्या अहवालातून मग चार गोष्टी काढून घ्याव्यात : वस्तू जिवंत आहे की वापरलेली, आत कोणते द्रव्य आहे, ती कशातून सोडली जाते आणि तिच्यावर निर्मात्याच्या कोणत्या खुणा आहेत. वापरलेले रिकामे कवच असेल, तर कलम ४५ मधील किरकोळ सुट्या भागांची सवलत तपासावी. पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल, तरच ती मिळते. तज्ज्ञाने अहवालात थेट 'प्रतिबंधित दारूगोळा' असे लिहिले असल्यास उलटतपासणीत त्याला त्याच्या निरीक्षणांपुरतेच थांबवावे, कारण वस्तू कोणत्या व्याख्येत बसते हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे.